तीन कोटेशन आणि एक अंथरूण

ज्योतीराम घोलपने उभ्या आयुष्यात छापील किमतीला एकही वस्तू घेतली नव्हती. चाकणच्या एका कारखान्यात तो पर्चेस मॅनेजर होता. कारखान्याला लागणारे नट, बोल्ट, ग्रीस, हातमोजे, एवढंच काय, साहेबांच्या केबिनमधला पडदासुद्धा त्याच्याच हातून यायचा, आणि येताना थोडा स्वस्त होऊनच यायचा. सप्लायर लोक त्याच्यासमोर बसण्याआधी घोटभर पाणी पिऊन घेत. पुनावळ्याच्या त्याच्या सोसायटीत कुणाला फ्रिज घ्यायचा असो की मुंजीचा हॉल ठरवायचा असो, लोक ज्योतीरामला सोबत नेत. तो दुकानात नुसता उभा राहिला तरी दुकानदार पंख्याचा स्पीड वाढवायचा. थट्टा बाजूला ठेवू, पण ही कला आहे. ती सगळ्यांना येत नाही आणि ज्यांना येते त्यांना झोप शांत लागते.

या कलेचा पाया एकच होता: तीन कोटेशन. तीन ठिकाणचे भाव लेखी आल्याशिवाय ज्योतीराम टाचणीसुद्धा घेत नसे. मुलीचे, म्हणजे दिव्याचे, कान टोचायला त्याने तीन सोनारांकडे चौकशी केली होती. तिसऱ्याचा भाव येईपर्यंत पोरगी चालायला लागली होती.

दुसरी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ज्योतीराम वीस-बावीस वर्षं गुरुवारीच उशिरा उठत होता, गुरुवारीच मटण आणत होता आणि रविवारी सकाळी डबा घेऊन कामावर जात होता. दिव्याने पहिलीच्या परीक्षेत ‘सुट्टीचा वार कोणता?’ या प्रश्नाला ‘गुरुवार’ लिहून मार्क घालवले, तेव्हा तो शाळेत भांडायला गेला होता.

तर दिव्याची दहावी संपली. तिला पूर्वीच कबूल केलं होतं की परीक्षा झाली की घाटाखालच्या त्या मोठ्या थीम पार्कला जायचं. पण मनातल्या मनात खरा शब्द दिला होता तो विजयश्रीला.

विजयश्री ज्योतीरामची बायको. लग्न झाल्यापासून ती एकाही हॉटेलात राहिली नव्हती. सहली झाल्या होत्या, नाही असं नाही. कोल्हापूरला आत्याकडे, नाशिकला मेव्हण्याकडे, अक्कलकोटला भक्तनिवासात. आत्याकडे उठल्याउठल्या पोळ्या लाटायला बसावं लागे, आणि भक्तनिवासात निघताना गाद्या, उशा, चाद‍री घड्या घालून खिडकीवर मोजून द्याव्या लागत. एकदा एक अभ्रा कमी भरला म्हणून तासभर थांबून राहिले होते सगळे. त्या दिवशी एसटीत बसल्यावर विजयश्री इतकंच म्हणाली होती, “अहो, एकदाच अशा ठिकाणी नेता का, जिथं सकाळी उठल्यावर अंथरूण मला काढावं लागणार नाही?”

रागाने म्हणाली असती तर ज्योतीरामने तिच्याशीही घासाघीस केली असती. पण ती खिडकीबाहेर बघत सहज म्हणाली, आणि ते त्याच्या मनात रुतून बसलं.

पार्कजवळच्या हॉटेलांचे भाव बघून मात्र त्याचे डोळे पांढरे झाले. तेवढ्यात कंपनीतल्या कुणीतरी त्याला एक वेबसाइट सांगितली. तिथे हॉटेलचा भाव हॉटेलवाला सांगत नाही, आपणच सांगायचा. इलाखा निवडायचा, तारीख टाकायची, कार्डाचा नंबर द्यायचा आणि खोलीची बोली लावायची. एखाद्या हॉटेलला ती पटली तर बोली मंजूर, पैसे लगेच कापले जाणार, आणि मगच हॉटेलचं नाव कळणार. मंजूर झालेली बोली रद्द होत नाही. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘बोली तुमची, खोली तुमची!’

ज्योतीरामला वाटलं, जगात कुणीतरी आपल्यासाठीच हे बनवलंय. त्याने बुधवारची रात्र निवडली. बुधवारी अर्धा दिवस काढून निघायचं, गुरुवारी सुट्टी, दिवसभर पार्क. आणि मग त्याने अशी बोली लावली, की त्या भावात चाकणच्या नाक्यावर लॉजवाल्याने खाटसुद्धा दिली नसती.

अर्ध्या तासात उत्तर आलं. ‘क्षमस्व. आपली बोली फारच कमी आहे. कृपया थोडी वाढवून पाहा.’

ज्योतीरामने तो मेसेज तीनदा वाचला. विकणाऱ्याने त्याला ‘थोडं वाढवा’ म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

“टायमिंग वगैरे बघू का बाबा पार्कचं? तिकिटंपण ऑनलाइन मिळतात,” दिव्या म्हणाली.

“टायमिंग काय बघायचं? सुट्टीच्या दिवशी पार्क बंद असतं का कुठं? आणि तिकीट ऑनलाइन काढायचं नाही. गेटवर जाऊन ग्रुपचा रेट पाडू.”

बोली फेटाळल्याची बातमी संध्याकाळपर्यंत पार्किंगमध्ये पोचली. समोरच्या फ्लॅटमधले मीरासाहेब गाडी पुसता पुसता थांबले. भोसरीत त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. गिऱ्हाइकं सगळी वर्कशॉपवाली, त्यामुळे त्यांचाही गुरुवार बंद. ते म्हणाले, “राव, तुमची टाइम चुकली. सकाळी दुकानदार ताठ असतो. दिवसभर गिऱ्हाईक नाही आलं, की संध्याकाळी कसा मऊ पडतो बघा. बोली दिवे लागायच्या वेळेला टाकायची.”

सुमनताई बाकावर बसून ऐकत होत्या. सुमनताई पुनावळ्याच्या मूळच्या. सोसायटी ज्या जागेवर उभी होती, तिथे एके काळी त्यांच्या सासऱ्यांचा हरभरा असायचा. बदल्यात फ्लॅट मिळाले, पण वाळवण घालायला अंगण गेलं, म्हणून त्या रोज पार्किंगमध्ये बसून अख्ख्या बिल्डिंगवर नजर ठेवत. बहात्तराव्या वर्षी त्यांचा अंगठा मोबाइलवर असा चालायचा, की नातवंडांनी तोंडात बोटं घालावीत.

“आरं, त्वा आधी भाव बोललास, तितंच मेलास,” त्या म्हणाल्या. “आमचं मामंजी चाकणच्या बैलबाजारात जायचं. रुमालाखाली बोटं धरायची, तोंडानं शबुद न्हाई. आन् समोरचा हटला, की जनावराकडं पाठ करून उभं ऱ्हायचं. मालक हाक मारत येतोय. व्हय का न्हाई?”

ज्योतीरामला हे पटलं. तो वर आला आणि मोबाइल टीपॉयवर पालथा घालून त्याच्याकडे पाठ करून बसला. तासाभराने मोबाइल वाजला, पण तो गॅस एजन्सीचा मेसेज होता.

त्याच अपमानाच्या घटकेला त्याला ती युक्ती सुचली. कंपनीत तो काय करायचा? तीन सप्लायर तीन खोल्यांत बसवायचा. एकाचा भाव दुसऱ्याच्या कानावर जाईल एवढी व्यवस्था ठेवायची, आणि तिघे आपोआप खाली यायचे. मग एकाला ऑर्डर, दोघांचे कागद फाइलला. हॉटेलच्या बाबतीतही तेच करायचं. एकच बोली गेली म्हणून हॉटेलवाले माजले. तीन वेगवेगळ्या लोकांच्या, तीन पडलेल्या भावांच्या बोल्या एकदम गेल्या, तर त्यांना कळेल की मार्केट बसलंय. घाबरून एखादा सगळ्यात खालच्या बोलीला हो म्हणेल. बाकीच्या दोन फाइलला जातील.

यात एक बारीक फरक होता. कंपनीत ते तिघे विकणारे असत, इथे तिघेही विकत घेणारे होते. एवढा फरक पर्चेसमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाच्या लक्षात येणं कठीण. पुजाऱ्याला देवळाबाहेरचं काही दिसत नाही, तसंच हे.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला पार्किंगमधल्या बाकावर तिघे बसले. मध्ये ज्योतीराम, डावीकडे मीरासाहेब, उजवीकडे सुमनताई. तीन मोबाइल, तीन कार्डं, एकच तारीख. मागे मीरासाहेबांच्या पत्नी शमीमभाभी आणि विजयश्री उभ्या होत्या.

“वहिनी, हे नक्की काय करतायत?” शमीमभाभींनी विचारलं.

“हॉटेलवाल्यांना घाबरवतायत,” विजयश्री म्हणाली.

ज्योतीरामने एक, दोन, तीन म्हटलं आणि तिघांनी बटण दाबलं. जेमतेम पाच मिनिटं गेली असतील. ज्योतीरामचा मोबाइल वाजला. ‘अभिनंदन! आपली बोली मंजूर झाली आहे.’ त्याने मूठ आवळून वर केली. ती खाली यायच्या आत मीरासाहेबांचा मोबाइल वाजला. पाठोपाठ सुमनताईंचा. तिघांचंही अभिनंदन झालं होतं. हॉटेल एकच होतं, ‘रॉयल कॅस्केड’, आणि खोल्या तीन.

वर जखमेवर मीठ असं, की तिघांत सगळ्यात महाग खोली ज्योतीरामला पडली होती. सगळ्यात स्वस्त सुमनताईंना, कारण त्यांनी ठरलेला आकडा न टाकता आपल्याच मनाचा टाकला होता. “मला त्यो लई वाटला,” त्यांनी खुलासा केला.

तिघांनी एकमेकांचे मोबाइल वाचून पाहिले. मग मीरासाहेब हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. “शमीम, बॅग भर! शादीनंतर पहिल्यांदा हॉटेलात चाललो आपण, तेपण ज्योतीरावच्या मेहेरबानीनं!” सुमनताईंनी पदर खोचला. “आमी कवा हाटेलात ऱ्हायलो न्हाई. पैकं गेल्यातच, तर येतोच की.”

सगळे हसले. विजयश्रीही हसली, पण तिचं हसू इतरांच्या आधी संपलं. तिच्या मनात चटकन हिशेब झाला होता: तिघांची निवांत रात्र आता सहाजणांची सहल झाली होती. आणि सहाजणांची सहल म्हटली की दशम्या आल्या, शेंगदाण्याची चटणी आली, चहाचं सामान आलं.

बुधवारी दुपारी मीरासाहेबांच्या गाडीतून मंडळी निघाली. विजयश्रीच्या पायाशी तीन डबे, मांडीवर थर्मास. घाट उतरून हॉटेलला पोचले तर पार्किंगमध्ये दुसरी गाडी नव्हती. “बघा, ऑफ सीझन. भाव पडणारच होता,” ज्योतीराम म्हणाला. पण आपली खोली सगळ्यात महाग, हे आठवून पुढे गप्प बसला.

काउंटरवर प्रज्वल नावाचा टाय लावलेला तरुण मॅनेजर होता. त्याने आधार कार्डं मागितली आणि सुमनताईंच्या कार्डापाशी अडला. “सर, बुकिंग ‘सुमनताई’ या नावाने आहे. आधारवर ‘सुमन’ आहे. सिस्टीम घेत नाही. ‘ताई’चा पुरावा लागेल.”

वेबसाइटवर सुमनताईंचं खातं उघडून देताना मीरासाहेबांनी फॉर्ममध्ये तोंडात बसलेलं नाव टाकलं होतं. ते पुढे झाले. “अहो, पूर्ण बिल्डिंग यांना सुमनताईच म्हणते. वॉचमनपण. म्हणा तर फोन लावून देतो.”

“माजी जमीन गेली, तवा सरकारनं इतकं इचारलं न्हाई,” सुमनताई म्हणाल्या.

शेवटी ज्योतीरामने सोसायटीच्या वार्षिक सभेचं निमंत्रण मोबाइलवर काढून दाखवलं. त्यात ‘आभार प्रदर्शन: सौ. सुमनताई’ असं छापलं होतं. प्रज्वलने त्याचा फोटो काढून हेड ऑफिसला पाठवला, हेड ऑफिसने पाऊण तासाने होकार दिला. तोवर सगळ्यांनी लॉबीत बसून विजयश्रीच्या दशम्या संपवल्या.

खोली सुंदर होती. पांढरीशुभ्र चादर, चार उशा, खिडकीतून डोंगर. विजयश्रीने चादरीवरून नुसता हात फिरवला. इतक्यात दारावर टकटक झाली. “वहिनी, आमच्या खोलीतली किटली चालत नाही,” शमीमभाभी म्हणाल्या. मागून सुमनताई आणि त्यांच्या खोलीत उतरलेली दिव्या आल्या. मग त्या एका किटलीत सहाजणांचा चहा तीन वेळा झाला. करणारी अर्थातच विजयश्री. कप विसळणारीही तीच. ज्योतीराम कोपऱ्यात बसून हे बघत होता. कुठल्याही सप्लायरने त्याला आजवर असा चुकीचा माल दिला नव्हता, आणि हा माल तर त्याने स्वतः पास केला होता.

सकाळी तो अंघोळ करून बाहेर आला तेव्हा विजयश्रीने चादरी घड्या करून ठेवल्या होत्या, उशा एकावर एक रचल्या होत्या आणि रुमालाने टेबल पुसत होती. “अगं, हे कशाला?” तो म्हणाला. ती दचकली. “हातच गेला हो,” ती म्हणाली, आणि ओशाळून हसली.

मंडळी सगळ्यांच्या आधी पार्कच्या गेटवर हजर झाली. ना रांग, ना गर्दी. ज्योतीरामची छाती फुगली. “पहिला नंबर. याला म्हणतात प्लॅनिंग.” गेटमागे एक वॉचमन खुर्चीवर बसून डबा खात होता. शर्टावर ‘भैरू’ असं नाव होतं. ज्योतीरामने आवाजात ठेवणीतली जरब आणली.

“सहाजणांचा ग्रुप आहे. काय रेट लावणार?”

भैरूने घास गिळला. “कशाचा?”

“तिकिटाचा.”

“पार्क बंद हाय आज.”

“बंद? का?”

“गुरुवार न्हाई का. ह्या दिवसांत गुरुवारचं बंदच असतंय. मशिनी तेलपाणी करत्यात.”

“गुरुवारी?” ज्योतीरामचा आवाज चिरकला. “अहो, सुट्टीच्या दिवशी?”

“सुट्टी तुमची आसंल,” भैरू शांतपणे म्हणाला आणि त्याने डब्यातली मिरची मोडली.

पलीकडे तो उंच पाळणा निवांत उभा होता. त्याच्या टोकावर एक बगळा बसला होता.  ज्योतीरामला आता सगळा उलगडा झाला, हॉटेल रिकामं का, तिन्ही बोल्या पाच मिनिटांत मंजूर का. तो दिव्याकडे वळला. 

दिव्याच मोठ्या माणसासारखी म्हणाली, “जाऊ दे बाबा. रविवारी येऊ. तुम्ही रजा टाका.”

आणि मग विजयश्रीचा आवाज आला. “मग आता परत हॉटेलवर जायचं?”

ज्योतीरामने चमकून तिच्याकडे पाहिलं. त्या आवाजात वैताग नव्हता. त्यात आशा होती. खेळण्याच्या दुकानासमोर पोर ‘आत जायचं?’ असं विचारतं ना, तशी. या सहाजणांत पार्क बंद आहे याचा जिला आनंद झाला होता, ती ही एकटीच होती. पण घड्याळात दहा वाजत आले होते, आणि अकराला खोल्या सोडायच्या होत्या.

परत आल्यावर ज्योतीराम थेट काउंटरवर गेला. बाकीचे मागे थांबले. विजयश्री सामान आवरायला वर गेली.

“एक्स्टेन्शन हवं असेल तर अर्ध्या दिवसाचा चार्ज लागेल सर,” प्रज्वल म्हणाला.

ज्योतीराम खुर्ची ओढून बसला. पाणी मागितलं, सावकाश प्यायला. मीरासाहेबांनी सुमनताईंना हळूच कोपर मारलं. सप्लायर ज्या ज्योतीरामला घाबरायचे तो त्यांना आज प्रत्यक्ष दिसत होता.

“आज किती बुकिंग आहेत?” त्याने विचारलं.

प्रज्वल घुटमळला. “नाहीत सर.”

“मग ऐका. तीनपैकी दोन खोल्या आम्ही आत्ता सोडतो. तुमच्या माणसाचं काम होईल. तिसरी संध्याकाळी सोडतो. दुपारी आम्ही सहाजण तुमच्या इथे जेवतो. मेन्यू कार्डावर जो भाव छापलाय त्या भावाने. त्यात एक रुपया कमी करा म्हणणार नाही.”

मागे मीरासाहेबांच्या हातातून गाडीची किल्ली पडली.

“चालेल सर,” प्रज्वल म्हणाला. त्याला खरं तर एवढ्यात जमेल असं वाटलं नव्हतं.

“एक अट आहे. त्या तिसऱ्या खोलीतलं अंथरूण आत्ता तुमच्या माणसाने घालून द्यायचं. चादर, अभ्रे, सगळं नवीन.”

“पण सर, तुम्ही संध्याकाळी जाणार. मग ते परत बदलावंच लागेल.”

“तीच अट आहे.”

“राव,” मीरासाहेब न राहवून पुढे झाले, “यात आपला फायदा काय?”

ज्योतीरामने ग्लासातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. सुमनताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “मीरासाब, गप ऱ्हावा. पोरानं आज बराबर सौदा केलाय.”

खरं सांगायचं तर या माणसाने आयुष्यभर घासाघीस करून जे काही वाचवलं, ते सगळं एका पारड्यात टाका आणि हा सौदा दुसऱ्यात. हाच जड भरेल.

तो वर आला. विजयश्रीने पिशव्या दाराशी रांगेत लावल्या होत्या. चादरींच्या घड्या पुन्हा एकदा सारख्या करून ठेवल्या होत्या. ज्योतीराम थेट पलंगाकडे गेला. त्याने चादर उचलली, झटकली आणि चुरगळून टाकली. एक उशी खाली टाकली, दुसरी आडवी.

“अहो, वेड लागलं का?” विजयश्री धावली.

“तिथं खुर्चीत बस,” तो म्हणाला. “संध्याकाळपर्यंत खोली आपली आहे. आणि हे तू करायचं नाहीस.”

दारावर टकटक झाली. हाऊसकीपिंगवाला गाडा घेऊन आत आला. विजयश्री खुर्चीत बसली. आधी तिचे हात अस्वस्थ होते, मग मांडीवर स्थिरावले. त्या माणसाने जुन्या चादरी काढल्या, नवीन अंथरल्या, कोपरे गादीखाली खोचले, उशांना नवे अभ्रे चढवले आणि तळव्याने एकेक सुरकुती काढली. विजयश्री ते सगळं शेवटपर्यंत बघत होती. तिचे डोळे भरून आले होते, पण ते ज्योतीरामपासून लपवायला ती खिडकीकडे वळली नाही, तशीच बसून राहिली. ज्योतीरामने दार ओढून घेतलं आणि तो खाली गेला.

दुपारचं जेवण महागही होतं आणि बेचवही. विजयश्रीचं ताट वर पाठवलं, ते तसंच परत आलं. ती गाढ झोपली होती. दिव्या आणि सुमनताई हॉटेलच्या छोट्या तलावात पाय सोडून बसल्या. मीरासाहेब आणि शमीमभाभी बागेत फिरून आले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच एकमेकांचे फोटो काढत बसले.

संध्याकाळी ज्योतीराम सामान न्यायला वर गेला. विजयश्री तोंड धुऊन, केस विंचरून तयार होती. चेहऱ्यावर उशीचा वळ होता. त्याने दोन पिशव्या उचलल्या. ती दारातून वळली आणि तिची नजर पलंगावर गेली. चादर लोंबत होती, उशा कुठेही पडल्या होत्या. सवयीने तिचे हात पुढे झाले.

ज्योतीराम काही म्हणणार, तेवढ्यात तिने हात मागे घेतले आणि दिवा बंद केला.

“राहू दे,” ती म्हणाली. “त्यांचा माणूस येईल.”